उरलेली पाच मिनिटे

सिगारेट सोडलेल्या माणसाचे सगळे अभिनंदन करतात. पण त्याने आता आपल्या हाताचे काय करायचे, हे कोणी सांगत नाही. चार माणसांत उभे राहावे, तर उजवा हात पोरका होऊन नुसता लोंबकळत असतो. खिशात घालावा, तर उद्धटपणा वाटतो. पाठीमागे बांधावा, तर पाहणीला आलेल्या पुढाऱ्यासारखे दिसते. चोवीस वर्षे ज्या हाताला ठरलेले काम होते, तो एका सकाळी एकदम बेकार होतो. आणि आमच्या या कारखान्यांच्या मुलखात बेकारीइतकी भीती दुसऱ्या कशाची वाटत नाही!

मुलूख म्हणजे पिंपरी-चिंचवडचा. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला आणि पेनिसिलीन तयार होऊ लागले. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मग शेतांच्या बांधांवर कंपन्यांच्या भिंती उभ्या राहत गेल्या, आणि भोसरी, आकुर्डी, निगडी करीत ही रांग इंद्रायणी ओलांडून थेट चाकणला जाऊन भिडली. चाकण पूर्वी कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाई. कांदा अजूनही येतो, पण त्याच्या ट्रकला आता नव्याकोऱ्या मोटारी लादलेल्या कंटेनरमागे रांगेत थांबावे लागते. मी चिंचवडला राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात मोटारींचे सुटे भाग तपासतो.

आमच्याकडचा दिवस सूर्यावर चालत नाही, पाळीवर चालतो. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी. बस केव्हा येणार, जेवण केव्हा, चहा केव्हा, सारे दुसऱ्याने ठरवलेले. या सगळ्या परक्या वेळात माणसाच्या मालकीची अशी पाच मिनिटे असत, ती फाटकाबाहेरच्या टपरीवर. हातात कटिंग, बोटांत सिगारेट. तेवढा वेळ साहेब नाही, मशीन नाही, घरचा हप्ता नाही. धूर हे निमित्त. खरी तलफ त्या पाच मिनिटांची. सिगारेटचे दुष्परिणाम सांगणारी माणसे धुराबद्दल बोलतात, या मालकीबद्दल बोलत नाहीत. म्हणून त्यांचे बोलणे खरे असूनही कानाआड जाते.

माझ्या कानाआड ते गेले नाही, याचे कारण एक कागद. कंपनीच्या वार्षिक तपासणीत मला एका नळीत जोराने फुंकायला लावले. यंत्राने कागद बाहेर टाकला. डॉक्टर तो वाचून म्हणाले, "तुमचे वय अठ्ठेचाळीस. फुप्फुसांचे सदुसष्ट." मी मापाचा माणूस. मापात न बसणारा भाग मी रोज बाजूला काढतो. हा भाग बाजूला काढण्यासारखा नव्हता, आणि बदलूनही मिळणारा नव्हता. माझे वडील विड्या ओढत. शेवटची दोन वर्षे ते आडवे झोपू शकले नाहीत. उशांच्या ढिगाला टेकून बसल्याबसल्या रात्र काढीत. तो कागद घडी करून खिशात ठेवताना मला त्या उशा दिसल्या. मार्गशीर्षातली ती सकाळ. त्यानंतर मी सिगारेट पेटवली नाही.

पुढचा पहिला आठवडा कसा गेला, ते घरच्यांना विचारावे. अंगातले निकोटिन दोन-तीन दिवसांत निघून जाते, पण त्याची आठवण रागाच्या रूपाने मागे राहते. एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी बजावली होती आणि तिनेच मला तारले : तलफ कितीही जोराची असली, तरी ती काही मिनिटेच टिकते. लाट येते, डोक्यावरून जाते आणि ओसरते. तिच्याशी भांडायचे नाही. ती ओसरेपर्यंत दुसरीकडे असायचे, एवढेच.

मग गमती सुरू झाल्या. नाक जागे झाले. कोथिंबिरीला वास असतो, वाफेवरच्या भाताला तर वेगळाच असतो. एका रात्री जेवताना मी विचारले, "आज आमटीत काय घातलेस?" ही म्हणाली, "आमसूल. लग्न झाल्यापासून घालते आहे." जीभ अशी परत कामावर रुजू झाली आणि भूकही तिच्यामागोमाग आली. निकोटिन भूक दाबून धरते आणि शरीराची भट्टी थोडी जास्त पेटती ठेवते. ते गेले, की भट्टी मंदावते आणि ताट मात्र मोठे होते. सिगारेट सोडणाऱ्याचे वजन पहिल्या वर्षात सरासरी 4-5 किलो वाढते, ते असे. त्या भीतीने पुन्हा पेटवणारी माणसे मी पाहिली आहेत. घर गळते म्हणून घराला आग लावण्यातलाच हा प्रकार.

दुसरी गंमत चहाची. रात्री झोप येईना, छाती धडधडे. हे सारे सिगारेटच्या आठवणीने होते, असे मला सगळे सांगत. डॉक्टरांनी वेगळेच सांगितले. तंबाखूच्या धुरामुळे यकृत चहातले कॅफिन झपाट्याने निकालात काढते. धूर थांबला, की तेच कॅफिन अंगात बराच जास्त वेळ रेंगाळते. म्हणजे कप तेवढेच, पण चहा दुप्पट! मी दिवसाला आठ कप पीत असे. ते चारवर आणले, दुपारनंतरचे बंद केले आणि झोप परत आली. मग सहज हिशेब मांडला. कपात दोन चमचे साखर, चमच्यात चार-पाच ग्रॅम. आठ कपांचे सत्तर-ऐंशी ग्रॅम, म्हणजे सुमारे तीनशे कॅलरी. जवळजवळ एका वडापावाएवढा ऐवज मी रोज नुसता पिऊन टाकीत होतो.

याच सुमारास हितचिंतकांचा हल्ला झाला. शेजाऱ्यांच्या मुलाने जिममधून एक तक्ता आणून दिला. त्यात रोज सकाळी साडेसहाला तासभर वजने, नंतर ओट्स, ब्रोकोली आणि डब्यातली प्रथिनांची पूड. पोरगा मनाचा चांगला. पण माझी एक आठवडा पहिली पाळी, दुसऱ्या आठवड्यात दुसरी आणि तिसऱ्यात रात्रपाळी. त्याचे साडेसहा म्हणजे कधी मी बसमध्ये, कधी साखरझोपेत. तक्ता पाहून मला एवढेच वाटले, की ही चौथी पाळी झाली, आणि तीही बिनपगारी. सिगारेटने मला पाच मिनिटांचे मालक केले होते. तिच्या जागी आलेला व्यायाम मला पुन्हा नोकर करणार असेल, तर तो टिकायचा कसा?

तेव्हा मी मापाच्या माणसासारखे मोजायला बसलो. दिवसाला आठ सिगारेटी, एकीला पाच मिनिटे. दिवसाची चाळीस, कामाच्या सहा दिवसांची दोनशे चाळीस. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट प्रौढ माणसाकडून आठवड्याला किमान दीडशे मिनिटांची बेताची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम मागते. म्हणजे वेळ नव्हता असे नव्हतेच. वेळ तर चोवीस वर्षे राखून ठेवलेला होता. फक्त तो उभ्याने जळत होता.

म्हणून मी नवा वेळ काढला नाही, जुन्याच वेळेला नवे काम दिले. जेवणानंतरची पाच मिनिटे : आवाराच्या भिंतीकडेने चालणे. पाळीआधीची पाच मिनिटे : तेच. बसची वाट पाहतानाची पाच : थांब्यापासून वडापर्यंत आणि परत. पाच मिनिटांत चार-साडेचारशे मीटर होतात. दोन आठवड्यांनी पाचाची दहा झाली. चालायचे किती जोरात, याचे माप आमच्याच दारावरून दर वर्षी जाते. तुकोबांची पालखी देहूहून निघते, ती पहिल्या मुक्कामाला आकुर्डीला येते; कारखान्यांच्या फाटकांसमोरून दिंड्या जातात. वारकरी गात गात चालतो, कारण त्याला पंढरपूरपर्यंत पुरायचे असते. दहा मिनिटे चालणाऱ्याने त्याहून जरा जोरात चालावे : शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाता येऊ नये. वैद्यकशास्त्राचीही हीच खूण आहे. माझ्या गाण्याच्या बाबतीत तर ती शेजाऱ्यांनाही मान्य आहे.

जोराच्या व्यायामाची सुरुवात खुर्चीने केली. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठायचे-बसायचे. भिंतीला हात लावून दहा जोर काढायचे. महिन्याने दोन सूर्यनमस्कार घातले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला होता आणि संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले होते. त्यांच्या मानाने दोन म्हणजे काहीच नाहीत. पण दोनाचे चार होतात, शून्याचे काही होत नाही. आज बारा घालतो. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर थांबायचे आणि डॉक्टरांकडे जायचे, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून.

राहता राहिले खाणे. आमच्या सोसायटीतली मुले दिवाळीत किल्ला करतात; गेल्या वर्षी त्यांनी चाकणचा भुईकोट, संग्रामदुर्ग केला होता. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवला. मुलांनी तोफा ठेवल्या, मावळे ठेवले. मी म्हटले, "बाळांनो, धान्याचे कोठार कुठे आहे?" वेढ्यात किल्ला तलवारीवर जेवढा टिकतो, तेवढाच शिध्यावर टिकतो. सिगारेट सोडणाऱ्याचेही तसेच. भुकेला माणूस तलफेपुढे आधी शरण जातो.

माझे कोठार म्हणजे डबा. त्यात ओट्स नाहीत. ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी किंवा गाजर, वाटीभर ताक. एखाद्या दिवशी दोन उकडलेली अंडी. भाताचा डोंगर होता, त्याची टेकडी झाली. भाजीची चव होती, तिची वाटी झाली. तोंडाला चाळा म्हणून खिशात भाजलेले चणे आणि एक लवंग. सुपारी आणि मिश्री यांना जागा दिली नाही. गुटख्यावर तर राज्यात 2012 पासून बंदीच आहे. एका फाटकातून शत्रू घालवायचा आणि दुसऱ्यातून त्याच्या भावाला आत घ्यायचे, ही कसली गडकरीण! रात्रपाळीत दोन वाजता भजी खुणावतात. तेव्हासाठी मूठभर शेंगदाणे आणि एक केळे बरोबर असते.

पण खरे अवघड होते ते याहून निराळे. टपरीवर आम्ही चौघे होतो. कोणाच्या मुलीचे लग्न मोडले, कोणाचे कंत्राट संपले, ते आम्हांला आधी तिथे कळे. पहिले तीन आठवडे मी तिकडे फिरकलो नाही, आणि सिगारेटीपेक्षा मला ती माणसे आठवली. चौथ्या आठवड्यात गेलो, वाऱ्याच्या उलट बाजूला उभा राहिलो. सवयीने एकाने पाकीट पुढे केले. मी चणे पुढे केले. तो हसला, म्हणाला, "काय राव, म्हातारे झालात!" मी तो तपासणीचा कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने वाचला आणि घडी करून परत दिला, बोलला नाही. पुढच्या सोमवारी जेवणानंतर तो भिंतीकडेने माझ्याबरोबर चालायला आला. त्याची सुटलेली नाही. आठाच्या तीन झाल्या आहेत. पण मुलीच्या लग्नाचे त्याने मला चालतानाच सांगितले.

या मार्गशीर्षात वर्ष पुरे होईल. वर्षभर तंबाखूपासून दूर राहिले, की हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. फुप्फुसांचे तसे नाही. गेलेले सगळे परत येत नाही, पण झपाट्याने होणारी घसरण वयाच्या चालीवर येते. वजन तीन किलो वाढले, त्यातले दोन उतरले. उरलेल्या एकाला दिवाळीपुरता मी अभय दिला आहे. पाडव्याला फराळ होईल, लाडू-चकली पोटभर नाही पण मनभर होईल. आणि मग आम्ही दोघे निगडीच्या दुर्गाटेकडीवर चालायला जाऊ. चढ लागला, की ही नेमके घरखर्चाचे प्रश्न विचारते. पूर्वी धाप लागल्यामुळे मला उत्तर देता येत नसे. आता येते, त्यामुळे द्यावे लागते.