पाचशे घोडे, चार तळहात

श्टुटगार्टमध्ये नोव्हेंबर लागला की रस्त्यावरच्या गाड्यांचं रूप बदलतं. झुफेनहाउझेनला पोर्शचा कारखाना, उंटरटुर्कहाइमला मर्सिडीजचा. त्यामुळे उन्हाळ्यात चार-पाचशे अश्वशक्तीची गाडी सिग्नलला शेजारी येऊन थांबली तरी इथे कुणी मान वळवून बघत नाही. हिवाळ्यात मात्र यातल्या बऱ्याच गाड्या दिसेनाशा होतात. काहींच्या नंबरप्लेटवरच उजव्या कडेला दोन आकडे एकाखाली एक छापलेले असतात: वर ०४, खाली १०. म्हणजे ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने रस्त्यावर यायची. कर तेवढ्याच महिन्यांचा, विमाही तेवढ्याच महिन्यांचा. उरलेल्या काळात ती चालवायची तर नाहीच, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभीही करायची नाही. बोईसर-तारापूरकडच्या माणसाला यात फारसं नवल वाटू नये. सातपाटीला, डहाणूला १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. इंजिन कितीही ताकदीचं असो, हंगाम आपला नाही हे ओळखून थांबायचं, हा शहाणपणा आमच्या पालघरच्या किनाऱ्याला फार जुना आहे. तो किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या महामार्गापर्यंत पोचलेला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मला या परक्या शहरातल्या हिवाळ्याच्या आधाराने मांडायचं आहे.

वेगवान गाडीबद्दल बोलताना आपण इंजिनाबद्दल बोलतो. शून्यापासून शंभरपर्यंत किती सेकंदांत, कमाल वेग किती, सिलिंडर किती. पण गाडी रस्त्याला टेकते ती चार जागी, आणि त्यातली प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. पाचशे घोड्यांचं सगळं बळ, ब्रेकचा सगळा जोर आणि वळणावरचा सगळा ताण या चार तळहातांतूनच रस्त्यावर उतरतो. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होत जातं. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की टायर बदलावेत, असा इथला ढोबळ ठोकताळा आहे. स्पोर्ट्स कारचे टायर तर उष्णतेतच पकड धरतील असे बनवलेले असतात, म्हणून रस्ता पूर्ण कोरडा असला तरी जानेवारीतल्या सकाळी ते दगा देऊ शकतात. शिवाय पारा दहा अंशांनी उतरला की टायरमधली हवा सुमारे ०.१ बारने कमी होते. बर्फ पडला तर हिशेब आणखी कठोर. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात सुक्या डांबरावर ब्रेक दाबला तर गाडी बारा-तेरा मीटरांत थांबते. तोच वेग, तीच गाडी, पण चाकाखाली निव्वळ गोठलेला बर्फ असेल तर हे अंतर शंभर मीटरांच्या घरात जातं. इंजिनाची ताकद त्यातला एक मीटरही कमी करू शकत नाही.

यावर गाड्यांचे जाणकार लगेच म्हणतात की हे जुनं झालं. आता चारही चाकांना शक्ती मिळते, ब्रेक संगणक सांभाळतो. संगणकाचं श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा बॉश आणि मर्सिडीज यांनी याच श्टुटगार्ट परिसरात घडवली आणि १९७८ मध्ये एस-क्लासमध्ये आणली. गाडी भरकटू लागली की एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सरळ करणारी ईएसपी १९९५ मध्ये आली. या दोन्हींनी असंख्य माणसं वाचवली आहेत. पण त्या जे करतात ते शिल्लक असलेल्या पकडीच्या वाटपाचं काम आहे. नवी पकड त्या निर्माण करत नाहीत. आणि चारचाकी शक्तीचा फायदा निघताना होतो, थांबताना नाही. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतातच. उलट बर्फातून चारचाकी शक्तीची गाडी इतक्या सहज सुटते की चालकाला रस्ता चांगला आहे असं वाटतं, आणि पहिल्या वळणावर खरी स्थिती कळते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्पोर्ट्स कार आणि बर्फ यांचं वैर असतं, तर पोर्श ९११ ने १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं मोंटे कार्लो रॅली जिंकली असती का? आल्प्सच्या घाटांतली, भर जानेवारीतली ही शर्यत. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, म्हणजे वजन नेमकं शक्ती मिळणाऱ्या चाकांवर. बर्फात हा गुणच ठरला. पण ती शर्यत मुळात टायरांची शर्यत होती. पुढचा घाट कोरडा आहे, ओला आहे की गोठलेला, हे पाहून टायर निवडायचे आणि निवड चुकली की शर्यत गेली. १९६८ साली शेवटच्या रात्री कोल द त्युरिनीच्या घाटात प्रेक्षकांनी रस्त्यावर बर्फ फेकला, आणि आघाडीवर असलेल्या जेरार लारुसची अल्पीन त्यावरून घसरून आदळली. विक एल्फर्डची ९११ जिंकली. जगातल्या निवडक चालकालाही अनपेक्षित बर्फाच्या एका पट्ट्यावर काही करता आलं नाही, हे त्या विजयाइतकंच लक्षात ठेवण्याजोगं आहे. तेव्हा हिवाळ्यात वेगवान गाडी चालवू नये असं मी म्हणत नाही. योग्य टायर घालून, वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर बदलून ती जरूर चालवावी. जर्मन कायदाही तेच सांगतो, आणि त्याची रचना मला फार पटते. त्यात तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेलं पाणी असेल तर हिवाळी टायर हवेत, नसतील तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. पंचांग पाहायचं नाही, रस्ता पाहायचा.

पालघरला बर्फ नाही, मग हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. खरं तर मनोर, चारोटी, तलासरीच्या पट्ट्यात वेगवान गाडीला हिवाळ्याइतका चांगला हंगाम नाही: रस्ता कोरडा, हवा अशी की उन्हाळी टायरची पकड उत्तम. पहाटेचं धुकं आणि दिवे न लावता कडेला उभे केलेले ट्रक एवढं सांभाळलं की झालं. श्टुटगार्टचा हिवाळा आमच्याकडे जूनमध्ये येतो. मुसळधार पावसात वेग वाढला की चाकापुढचं पाणी बाजूला सारायला टायरच्या नक्षीच्या खाचा पुऱ्या पडत नाहीत, टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. त्या क्षणी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी. रुंद टायरला हा धोका जास्त, आणि महागड्या गाड्यांचे टायर रुंदच असतात. खाचांची खोली १.६ मिलिमीटर असली की कायदा समाधानी होतो, आपल्याकडेही आणि जर्मनीतही. पण जर्मन वाहनतज्ज्ञ हिवाळी टायरसाठी चार मिलिमीटरांचा आग्रह धरतात, कारण कायद्याची किमान मर्यादा आणि भरवशाची मर्यादा यांत बरंच अंतर आहे.

खर्चाचं म्हणाल, तर टायरचे दोन संच आलटून पालटून वापरले की प्रत्येक संच जास्त काळ टिकतो. आमच्याकडे तर दुसऱ्या संचाचीही गरज नाही, वेळेवर तपासणी पुरे. आणि लोक ऐकत नाहीत हे कारणही मला मान्य नाही. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा परिवहन खात्याने टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्यांना मज्जाव केला. जे समृद्धीवर जमलं ते राष्ट्रीय महामार्ग ४८ वर का जमू नये? याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल अपघातात गेले. गाडी मर्सिडीज होती, सुरक्षेच्या साधनांनी भरलेली. पुढे बसलेले दोघे वाचले, मागे बसलेल्या या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. तिथे प्रश्न टायरचा नव्हता. पण गाडीची किंमत माणसाच्या साध्या शिस्तीची जागा घेऊ शकत नाही, हे त्या पुलाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

म्हणून पालघरच्या परिवहन कार्यालयाला विनंती आहे की मे महिन्याच्या अखेरीस खानिवडे आणि चारोटीच्या टोलनाक्यांवर टायरची तपासणी सुरू करावी. आणि ज्यांच्या दारात ताकदवान गाडी आहे त्या वाचकांना आग्रहाने सांगतो: मृग लागायच्या आत चारही टायरच्या खाचा मोजून घ्या, तीन मिलिमीटरच्या खाली असतील तर टायर बदला, आणि पहिला पाऊस पडला की मागच्या सीटवरच्या माणसांसकट सगळ्यांचे पट्टे लावून नेहमीपेक्षा वीस किलोमीटर कमी वेगाने जा.