झुल्यावरची भूमिका

शिराळ्याचे नाव निघाले की नागपंचमी आणि समर्थांनी स्थापिलेला मारुती आठवतो. परंतु याच सांगली जिल्ह्याने देशाला सर्कस दिली, याचे स्मरण क्वचितच कुणास असते. कृष्णाकाठच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे अश्वविद्येत निष्णात होते. ग्वाल्हेरीस हद्दूखाँकडे त्यांनी ख्यालगायनही शिकून घेतले होते. मुंबईत चिआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस त्यांनी पाहिली आणि जिद्दीने १८८० साली स्वतःची सर्कस उभी केली. त्यांच्या पत्नी त्या सर्कशीत झुल्यावरच्या कसरती करीत. याच १८८० च्या ऑक्टोबरात पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा शकुंतलेची भूमिका पुरुषानेच केली होती. एवढ्यावरून त्या माउलीच्या धैर्याची कल्पना वाचकांना यावी.

काही वर्षांपूर्वी शिराळा परिसरातील एका शाळेने स्नेहसंमेलनात नृत्यनाट्यासाठी हा विषय घेतला आणि वेशभूषा व पात्रनिवड आमच्याकडे सोपविली.

पहिला पेच पोशाखाचा होता. झुल्यावर उडण्याचा खेळ १८५९ साली पॅरिसमध्ये ज्यूल लेओतार या फ्रेंच तरुणाने प्रथम करून दाखविला. अंगासरशी बसणारा जो विणलेला पोशाख तो वापरी, त्याला पुढे त्याचेच नाव मिळाले. तसा पोशाख पालकांना रुचणारा नव्हता. एका मातेने नऊवारी सुचविली. विचार सुंदर होता, पण सुटा पदर दोरीत अडकला तर जिवावर बेतते. आमच्या रंगमंचावर कुणी उंच चढणार नव्हते, हे खरे. तरीही झुल्यावरच्या स्त्रीचा वेष तिच्या कामाशी प्रामाणिक असावा, असे आम्हांस वाटले. अखेर शिंपीदादांनी जुन्या नऊवारीचा गुडघ्यापर्यंतचा काष्टा शिवून दिला. आत पूर्ण बाह्यांचा अंगालगतचा सदरा आणि तशीच विजार. टिकल्या छातीवर आणि खांद्यावर टाकल्या; मनगट मोकळे ठेवले, कारण तेथे टिकली असेल तर दोरी धरताना ती तळहाताला कापते. बांगड्या नाहीत, केसांत गजरा नाही. तळव्यांना मात्र खडूची पूड. झुला म्हणजे दोन दोऱ्या आणि एक बांबू. काळ्या कपड्यांतील चार मुलांनी बाकांवर उभे राहून तो धरायचा आणि मुलीने पायाची बोटे जमिनीवरून न उचलता उडण्याचा भास निर्माण करायचा, असे ठरले.

दुसरा पेच अवघड होता. त्या शाळेत डोंबारी समाजातील एक मुलगी सातवीत शिकत होती. “झुल्यावरची बाई हिच्याशिवाय कोण करणार? यांच्या रक्तातच असतं ते!” असे शिक्षकांपैकी कुणीतरी म्हणाले आणि सर्वांनी माना डोलावल्या. बोलणे कौतुकाचेच होते. होकार देण्यापूर्वी तिच्या आईला विचारावे म्हणून आम्ही गावाबाहेरच्या वस्तीवर गेलो.

बाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “फादर, पोरीला दोरीवरनं खाली उतरवायला साळंत घातलंय. तुमी तिला परत वर चढवताय व्हय?”

यावर आमच्यापाशी बोलण्यासारखे काही नव्हते. बालकांना सर्कशीत कामास ठेवू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. या बाईंनी तो वाचलेला नव्हता. बालपणी ढोलकीच्या तालावर बांबू पेलत त्या स्वतः दोरीवर चालल्या होत्या आणि खाली पसरलेल्या फडक्यावर पडणारी नाणी त्यांनी वरून मोजली होती.

परतताना ‘रक्तात असते’ हा शब्दप्रयोग आमच्या मनात घोळत राहिला. रक्तात काय असते? छत्र्यांची सर्कस केरळात तलश्शेरीला गेली, तेव्हा तेथील व्यायामशिक्षक कीलेरी कुंजिकण्णन यांनी मुलांना तालीम देण्याचे मनावर घेतले. पुढे १९०१ साली त्यांनी सर्कशीची शाळाच काढली आणि त्या गावाने देशभरच्या सर्कशींना झुल्यावरचे कलावंत पुरविले. ते सारे शिकवणीने घडले. एखाद्याला जन्माने मिळालेलीच भूमिका पुन्हा त्याच्या गळ्यात घालण्याला पात्रनिवड कसे म्हणावे? पात्र निवडणारा केवळ अंगातले कसब पाहत नाही. कुणाला काय होऊन पाहण्याची संधी द्यायची, हेही तो ठरवीत असतो.

झुल्यावरची भूमिका एका शेतकऱ्याच्या मुलीने केली. महिनाभर तालीम करून तिने तळहातांना घट्टे पाडून घेतले. डोंबाऱ्याच्या मुलीला आम्ही विष्णुपंत छत्रे केले. लांब कोट, डोईला पगडी, हातात चाबूक. साऱ्या नाटकात तिला एकदाही नाचायचे नव्हते. घोड्यांना, माणसांना आणि वादकांना हुकूम सोडायचे होते. काही शिक्षकांना हे विचित्र वाटले. मुलगी मात्र पहिल्या तालमीपासून अशी खणखणीत बोलली की कुजबुज आपोआप थांबली.

प्रयोगाच्या रात्री तिची आई मैदानाच्या कडेला उभी होती. झुल्याचा प्रवेश आला तेव्हा साऱ्यांची नजर काष्ट्यातल्या मुलीवर होती. या बाई मात्र खाली, कोपऱ्यात चाबूक उगारून उभ्या असलेल्या लेकीकडे पाहत होत्या. प्रयोग संपल्यावर त्यांनी पगडी हातात घेतली, आतून बाहेरून नीट निरखली आणि लेकीला विचारले, “जड हाय का गं?”

मुलगी म्हणाली, “न्हाई.”