खाई त्याला खवखवे?

काल घरामागचं सुरण काढलं. बायांनी आधी हाताला गोडेतेल चोळलं होतं, तरी गड्डे सोलून झाल्यावर दोघीजणी मनगटं खाजवत बसल्या. भाजी तर अजून चुलीवर चढलीबी नव्हती.

"खाई त्याला खवखवे" या म्हणीचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. ज्यानं वावगं केलं त्यालाच ते बाधतं, निदान मनात टोचत राहतं. म्हणीत सुरणाचं नाव नाही, अळूचंही नाही. पण खवखव म्हटलं की आपल्याला घसाच आठवतो, आणि घसा खवखवायला ही दोन पिकं पुरेशी आहेत. म्हण तिथूनच निघाली असणार, असं माझं मत.

कारण साधं आहे. या झाडांच्या पेशीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला-घशाला टोचतात. म्हणून शिजवताना चिंच, कोकणात आमसूल. गजेंद्र वाणात ही खवखव कमी, म्हणून बाजारात तोच जास्त चालतो. रानसुरणाच्या वाटेला मात्र जाऊ नका.

पण सोलणाऱ्या बायांनी काय खाल्लं होतं? सुया हातालाबी टोचतातच. म्हण इथंच लंगडी पडते.

आमच्या शिवारात तर ती पारच उलटी झाली. ऑगस्टमध्ये बांधापलीकडच्या उसात रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डी मारलं. वारं आमच्याकडं होतं. आठवड्यात माझ्या कपाशीची शेंड्याची पानं अरुंद, बोटं फुटल्यासारखी, थेट भेंडीच्या पानावाणी झाली. पात्या गळाल्या. उसाला काही झालं नाही, ते गवतवर्गीय पीक. फवारणाऱ्याचा घसा ठणठणीत, खवखव आमच्या वावराला.

कपाशीला हे औषध अगदी थोडंबी सोसत नाही. त्यातलं ईस्टर रूप उन्हात वाफ होऊन लांब जातं, अमाईन मीठ त्या मानानं कमी. जवळ कपाशी, द्राक्ष, टोमॅटो असेल तर वारं पडल्याशिवाय पंप उचलूच नये, आणि तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा. धुतलेल्या पंपावर माझा विश्वास नाही.

शेजाऱ्याशी बोललो. यंदा फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करीन म्हणालाय. बघू.

सुरणाला तुमच्याकडं काय घालतात, तेबी लिहा.