खरोशाच्या कातळावरचे वीतभर पाणी

निलंग्याहून औशाकडे जाताना खरोशाची टेकडी लागते. जांभ्या दगडात कोरलेली तिथली जुनी लेणी पाहायला लोक येतात. यंदा पावसाळ्यात आम्हीही मुलांना घेऊन गेलो. वर कातळातल्या एका खळग्यात जेमतेम वीतभर पाणी साचले होते आणि त्यात बेडकांची काळी, शेपटीवाली पिल्ले वळवळत होती.

धाकट्याने पाण्याची बाटली रिकामी करून पिल्ले पकडायला घेतली. दादी म्हणाल्या, "राहू दे बाळा. औषधासाठीसुद्धा बेडूक मारायला आपल्या प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे."

"पण दादी, चार दिवस पाऊस नाही. पाणी आटलं तर मरतीलच ना?" थोरलीने विचारले.

तिचा प्रश्न खरा होता. पाणी आटण्याआधीच एक धोका सुरू होतो, तो उन्हातल्या अतिनील किरणांचा. उंचावर हवा विरळ असल्याने ही किरणे जास्त पोहोचतात. अमेरिकेत ऑरेगॉनच्या डोंगरतळ्यांत शास्त्रज्ञांनी बेडकांच्या काही अंड्यांवर ही किरणे अडवणारी झाकणे बसवली. १९९४ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. काही जातींची झाकलेली अंडी जास्त जगली, उघडी जास्त मेली. एका झाडबेडकाची अंडी मात्र उघड्यावरही टिकली, कारण किरणांनी झालेली इजा भरून काढणारे विकर त्यांच्यात भरपूर होते. पुढे २००१ साली आणखी एक गोष्ट समोर आली. ज्या वर्षी पाऊस आणि बर्फ कमी, त्या वर्षी तळी उथळ राहतात. मग किरणे थेट अंड्यांपर्यंत जातात आणि अशक्त झालेल्या अंड्यांना बुरशी खाते.

म्हणजे पाणी हीच या जिवांची छत्री. पाणी जितके खोल, तितकी छत्री जाड. कुजक्या पानांनी तपकिरी झालेले पाणीही किरणे अडवते. आपल्याला ते घाण वाटते, पिल्लांना मात्र ती सावली असते.

पाण्याची किंमत लातूरकरांना कोणी शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी आपण प्यायलो. या पिल्लांसाठी मात्र कुठली रेल्वे येणार नाही. आपण खळग्यात साबण, प्लास्टिक टाकले नाही, पाने उपसली नाहीत, तरी पुष्कळ झाले.

धाकट्याने बाटली हळूच खळग्यात उलटी केली. अस्रची वेळ होत आली होती, आम्ही टेकडी उतरलो. रात्री झोपताना दोघांनी पावसासाठी दुआ मागितली, आधी खरोशासाठी आणि मग निलंग्यासाठी.