गॅरेजमधला फ्युजर आणि नाशिकचे अप्पा

मी ग्रुपवर एरवी शाळा, व्हिसा आणि भाजणी कुठे मिळते एवढंच विचारते. आज मोठं लिहितेय, कारण मागे इथे एका आईने विचारलं होतं, "मुलगा गॅरेजमध्ये हाय व्होल्टेजचं काहीतरी करतोय, थांबवू का?" तेव्हा मी गप्प बसले. आमच्याकडेही तेच चालू होतं आणि मलाच उत्तर माहीत नव्हतं.

आम्ही मिशिगनला असतो. चिरंजीव सोळा वर्षांचे. टेलिव्हिजनवाल्या फायलो फार्न्सवर्थने १९६० च्या दशकात फ्युजर नावाचं यंत्र केलं, त्याची छोटी आवृत्ती याला करायची होती. काचेच्या हंडीतली हवा पंपाने काढायची, आतल्या तारेच्या जाळीला हजारो व्होल्ट द्यायचे, की जांभळा प्रकाश दिसतो. फ्युजन वगैरे नाही, नुसता प्लाझ्मा. पंप जुना, ट्रान्सफॉर्मर निऑनच्या पाटीतला, साडेसात हजार व्होल्टचा.

अडचण एकाच ठिकाणी होती. वीज आत न्यायची तर खालच्या अॅल्युमिनियमच्या प्लेटला भोक पाडून सळई घालावी लागते. प्लेट अर्थ केलेली, सळईवर साडेसात हजार. मध्ये तीन मिलिमीटर जागा. ती याने पाच मिनिटांत सुकणारं एपॉक्सी भरून बुजवली. हिशोबही दाखवला: "आई, हे मिलिमीटरला पंधरा हजार व्होल्ट सहन करतं. तीन मिलिमीटर म्हणजे पंचेचाळीस हजार!"

तिसऱ्या दिवशी टिक टिक आवाज आला, मग ठिणगी, आणि घरभर जळका वास. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला आणि जे काय बोलले ते इथे लिहीत नाही.

नवरा म्हणाला, सगळं उचलून टाकू. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण माझे वडील नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं करंट ट्रान्सफॉर्मर एपॉक्सीत ओतायचे. रविवारी सकाळी साडेआठला, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी सहाला, व्हिडिओ कॉल असतोच. नातवाने जळका तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला.

अप्पांनी चष्मा वर केला. "हॅकसॉने काप आणि दाखव." कापल्यावर आत मोहरीएवढे बुडबुडे, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत काळी, झाडाच्या मुळासारखी रेघ.

मग अर्धा तास त्यांनी जे सांगितलं ते मी एकतीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. हवा मिलिमीटरला जेमतेम तीन हजार व्होल्ट पेलते. त्यात बुडबुड्यातल्या हवेवर भोवतालच्या रेझिनपेक्षा जास्त ताण येतो. म्हणजे सगळ्यात कमकुवत गड्यावर सगळ्यात जास्त ओझं. तिथे बारीक ठिणगी पडते, भिंत जळून कोळसा होते. अमेरिकेची वीज साठ हर्ट्झची, म्हणजे हे सेकंदाला एकशेवीस वेळा. "डब्यावरचा आकडा खोटा नाही बाळा, पण तो बुडबुडा नसलेल्या पातळ चकतीचा असतो."

उपाय? हळू सुकणारं रेझिन घ्यायचं. किंचित कोमट करायचं, म्हणजे पातळ होतं. सावकाश ढवळायचं, आणि ओतण्याआधी व्हॅक्यूम लावायचा. व्हॅक्यूम तर याच्याकडे होताच! पहिल्या वेळी फेस दुधासारखा उतू जाऊन हंडीभर झाला. भांडं चौपट मोठं घ्यायचं असतं हे अप्पा सांगायला विसरले होते (त्यांच्या मते ते सांगावं लागतच नाही). भोक मोठं करून कडा गोल घासायच्या, कारण टोकाशी ताण वाढतो. एकदम जाड ओतायचं नाही, स्वतःच्याच उष्णतेने तडकतं. आणि हंडीच्या आतल्या बाजूला एपॉक्सी कमीत कमी उघडं ठेवायचं, ते वायू सोडत राहतं.

"आणि हातमोजे. हातमोज्यांशिवाय डब्याला हात लावायचा नाही," असं म्हणून त्यांनी स्वतःचे हात कॅमेऱ्यासमोर धरले. बोटं भेगाळलेली, कातडी जाड. हार्डनरची अॅलर्जी. शाळेच्या गॅदरिंगला अप्पा आले की मला त्या हातांची लाज वाटायची. हे मी पोराला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी कॉल संपल्यावर सांगितलं. तो काही बोलला नाही, दुकानात जाऊन नायट्राइलचे मोजे घेऊन आला.

तर त्या ताईंना माझं उत्तर असं. आम्ही थांबवलं नाही, अटी घातल्या. मोठं माणूस हजर असल्याशिवाय प्लग लावायचा नाही. साडेसात हजारांच्या वर जायचं नाही, कारण व्होल्टेज वाढत गेलं की क्ष-किरण काचेबाहेर येऊ लागतात. हंडीभोवती पॉलिकार्बोनेटचा पडदा. निऑनचा ट्रान्सफॉर्मरही जीव घेऊ शकतो, आणि मायक्रोवेव्हमधला तर नक्कीच, तो तुमच्या गॅरेजमध्ये दिसला तर त्याच दिवशी बाहेर काढा. यावर पोरगा आठवडाभर फुगून होता. फुगू दे.

गेल्या रविवारी नवा जोड लावला. हंडीत जांभळा गोळा पेटला, आम्ही दोघं टाळ्या वाजवायला लागलो. अप्पांना त्यात रस नव्हता.

"कॅमेरा खाली ने. सळईपाशी. दिवे बंद कर. आता ऐक. टिक टिक येतंय?"

"नाही, अप्पा."

"कुठे निळसर दिसतंय?"

"नाही."

"मग बंद कर आता. हात लावायच्या आधी अर्थिंगचा दांडा लाव."