धाराशिवच्या परसातील पाहुणे

धाराशिव जिल्ह्याचे नाव निघाले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे प्रथम तुळजापूरची भवानी उभी राहते, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर कोणास नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहाल व तेथील नर-मादी धबधबे आठवतील, कोणास गोरोबाकाकांचे तेर, तर इतिहासाची गोडी असणारास परांड्याचा भुईकोट. ही सर्व स्थळे पाहण्यासारखी आहेत व त्यांची वर्णनेही पुष्कळ झाली आहेत. आम्ही आज वाचकांस ज्या स्थळी नेणार आहोत, तेथे जावयास ना प्रवासाची शिदोरी लागते, ना धर्मशाळेत उतरावे लागते. ते स्थळ म्हणजे या जिल्ह्यातील एखाद्या जुन्या घराचे परसू होय. एक आड, आडाच्या अंगाला कडुनिंब, कपडे धुण्याचा दगड, जास्वंदीची दोन-तीन झुडपे, एक शेवगा आणि जाईचा मांडव, एवढेच त्याचे वैभव. परंतु पहाटे सडा पडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तेथे जी वर्दळ असते, ती एखाद्या यात्रेस लाजवील.

हा मुलूख बालाघाटाच्या पठाराचा. पश्चिमेकडचे ढग सह्याद्रीवर बहुतेक रिते होऊन इकडे येतात, म्हणून पाऊस बेताचा आणि त्याचाही भरवसा नाही. बाभूळ, बोर, हिवर, पळस, कडुनिंब हीच येथली झाडे. अशा उजाड माळावर पाखरे ती किती असणार, असे नवख्यास वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. हा धान्याचा मुलूख असल्यामुळे दाणे टिपणाऱ्या पाखरांचा येथे पिढ्यान्पिढ्यांचा वतनी हक्क आहे. शिवाय धाराशिवहून उत्तरेस थोड्याच अंतरावर येडशीच्या रामलिंग घाटाचे रान आहे. १९९७ साली त्यास अभयारण्य केले. विस्तार सुमारे २२ चौरस किलोमीटरच, पण घळीतल्या महादेवाच्या आसऱ्याने झाडी राहिली आहे व तेथले मोर, सुतार, स्वर्गीय नर्तक पाहून डोळे निवतात. २०२३ साली सरकारी दप्तरांतही उस्मानाबादचे धाराशिव झाले. मात्र १९४८ पूर्वी हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या हैदराबाद संस्थानाच्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर पाहणी सलीम अली यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी केली, हे येथील लोकांस फारसे ठाऊक नसते.

परसातील पाहुण्यांचे वेळापत्रक आपल्या पंचांगाशी चांगले जुळते. चैत्रात कडुनिंब फुलला की तांबट दिसत नाही, पण त्याचे टुक् टुक् मात्र भांडी ठोकणाऱ्या तांबटासारखे दुपारभर चालते. जास्वंदीवर शिंजीर येतो. अंगठ्याएवढा जीव, पण उन्हात त्याचा जांभळा रंग असा झळकतो की पैठणीच्या पदराने हेवा करावा. त्याची मादी कोळ्याची जाळी, वाळकी पाने, कागदाचे कपटे यांचा एक लोंबता झोळणा करते, आणि तोही पुष्कळदा ओसरीवरच्या कपडे वाळत घालण्याच्या तारेला. मग पिले उडेपर्यंत घरातील स्त्रिया ती तार सोडून दुसरीकडे धुणे वाळत घालतात. जाईच्या मांडवात लालबुड्या बुलबुल वाटीएवढे घरटे करतो. होल्याचा संसार मात्र अगदीच निष्काळजी. चार काड्या आडव्या, चार उभ्या, आणि त्यांवर दोन पांढरी अंडी. खालून पाहिले तर अंडी दिसावीत इतके ते विरळ असते.

वैशाख-ज्येष्ठात कोकिळेचा गळा तापतो व कावळ्याच्या घरट्यात तिची लबाडी चालते. मृगाच्या आगेमागे आफ्रिकेकडून चातक येऊन पोहोचतो. ज्या चातकाच्या निष्ठेचे कवींनी इतके गोडवे गाइले, त्याची मादी आपली अंडी बिनदिक्कत सातभाईंच्या घरट्यात घालते व ते भोळे भाऊ परक्याचे पोर आनंदाने पोसतात, ही गोष्ट आमच्या घरच्या मुलांस फार गमतीची वाटते. पाऊस स्थिरावला की आडावर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. नाव सुगरण, पण विणकर तो नर! अर्धा खोपा झाला की मादी येऊन तपासणी करते. पसंत पडला तर संसार, नाही तर बिचाऱ्याने नवा खोपा आरंभावा. वधूपक्षाची इतकी कडक पाहणी आमच्या समाजातही क्वचितच होत असेल.

आता या जिल्ह्याच्या खास पाहुण्याविषयी सांगावयाचे. पावसाळा सरता सरता भोरड्यांचे थवे येतात. कोणी त्यांस पळसमैना म्हणतात. डोके व पंख काळे, पाठ-पोट गुलाबी, आकार साळुंकीएवढा. मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून हजारो मैल उडून त्या येतात व चैत्राच्या सुमारास परततात. संध्याकाळी त्यांचा थवा आकाशात वळू लागला म्हणजे एखाद्या अदृश्य हाताने काळी शाल झटकावी तसा देखावा दिसतो. पळस फुलला की त्या त्याच्या फुलांतील मध पितात. पण पौषात ज्वारी हुरड्यावर आली की हाच देखावा शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणतो. थवा पिकावर उतरला तर दाणे भरलेली कणसे रिती होतात. म्हणून शेतात माळा उभा राहतो, माळ्यावर गोफण घेऊन एखादा पोर किंवा म्हातारा बसतो, आणि पहाटेपासून हाका व पत्र्याचे डबे वाजू लागतात.

याच पाखराची दुसरी बाजू अशी की, वैशाख-ज्येष्ठात आपल्या मायदेशी ते पिलांस मुख्यत्वे टोळ व नाकतोडे भरविते. चीनच्या शिंजियांग प्रांतात टोळांचा उपद्रव आवरण्यासाठी भोरड्यांना घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडांच्या राशी रचून ठेवतात. एकच पाखरू एका देशात गोफणीने हाकलले जाते व दुसऱ्या देशात त्यास घर बांधून दिले जाते. यात शेतकऱ्याचा दोष काढण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही. ज्याचे वर्षाचे धान्य त्या चार एकरांत उभे असते, त्याने राखण केलीच पाहिजे. ज्यांच्या घरी पोती भरून धान्य येते, त्या आम्हां गावकरी मंडळींनी मात्र परसात मूठभर दाणे टाकताना, हा दाणा कोणाच्या राखणीतून आला, याचे स्मरण ठेवावे.

या पुढील गोष्ट लिहिताना मन जड होते. चिमणी हे माणसाच्या घरचेच पाखरू. या भागातील जुनी घरे माळवदाची. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया व सर आणि त्यांवर मातीचा थर. तुळईच्या खोबणीत, भिंतीच्या कोनाड्यात, आजोबांच्या तसबिरीमागे चिमण्यांचे संसार पिढ्यान्पिढ्या चालले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. लोहारा व उमरगा या बाजूंकडील सास्तूरसारखी गावे भुईसपाट झाली, आणि माणसे दगावली ती मुख्यतः त्याच जड माळवदांखाली व भिंतींखाली. पुढे गावे नव्या जागी वसली, घरे सिमेंटची झाली. त्या गुळगुळीत भिंतींत चिमणीस काडी खोवावयास फट नाही. अशा वेळी ‘जुनी माळवदेच बरी होती’ असे पाखरांच्या प्रेमाने म्हणणे हा मेलेल्यांचा अपमान होईल. नवी घरे हवीतच. माणसाचा जीव वाचविणाऱ्या भिंतीत चिमणीची सोय राहिली नाही, तर ती आपण निराळी केली पाहिजे, एवढाच यातून अर्थ निघतो.

ती सोय अवघड नाही. फळीची एक लहान पेटी, तिला सव्वा इंच व्यासाचे भोक, ती आठ-दहा फूट उंचीवर, पश्चिमेचे ऊन लागणार नाही व मांजर पोहोचणार नाही अशी टांगावी. पेटी रंगवू नये व रोज उघडून पाहू नये. मात्र एवढ्याने कर्तव्य संपले असे समजू नये. चिमणी दाणे खाते, पण तिची पिले पहिले कित्येक दिवस अळ्या व किडे यांवर वाढतात. ज्या परसात झाडाची पाने पडू देत नाहीत, फरशी घालून टाकली आहे व दर आठवड्यास औषध फवारतात, तेथे पेटी टांगून काय उपयोग? २०१० पासून २० मार्च हा दिवस जगभर चिमणीचा दिवस म्हणून पाळतात. त्याचा पुढाकार नाशिकच्या मंडळींनी घेतला, ही महाराष्ट्रास भूषणाची गोष्ट आहे.

दाण्यांचा प्रश्नही बदलला आहे. पूर्वी या जिल्ह्यात ज्वारी दोन्ही हंगामांत दिसे. आता खरिपात जिकडे तिकडे सोयाबीन आहे. पैसा त्यात आहे, तेव्हा शेतकरी ते पेरणारच. पण सोयाबीनच्या शेंगेत चिमणी-मुनियांना टिपण्याजोगे काही नाही. रब्बीची शाळू अजून आहे, म्हणून निदान चार महिने पाखरांस सुकाळ असतो. सुगीच्या वेळी शेतावरून आलेल्या कणसांचा एक तुरा बांधून ओसरीच्या आढ्याला टांगावयाचा, ही जुन्या घरांतील रीत. तिला आता शोभेचे रूप येऊ लागले आहे व शहरांत असे तुरे विकतही मिळतात. आम्हांस वाटते, तो शोभेसाठी नव्हे, रिता होण्यासाठीच टांगावा. रिता झाल्यावर दुसरा टांगावा.

पाण्याचे काय? हा प्रश्न या जिल्ह्यात थट्टेचा नाही. १९७२ चा दुष्काळ वडील मंडळींनी भोगला. २०१३ व २०१६ चे उन्हाळे मुलांनीही पाहिले. आड कोरडा, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकरपुढे घागरींची रांग. अशा एका उन्हाळ्यात आमच्या घरी प्रश्न निघाला की, माणसांस पाणी मोजून मिळते, तेथे पाखरांच्या परळात रोज ओतावे काय? तरुण मंडळींचे म्हणणे हिशेबी होते व चूकही नव्हते. आजींनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, “वैश्वदेव झाल्यावर काकबळी घातल्याशिवाय या घरात कोणी पान वाढून घेत नाही. कावळ्याला भात द्यायचा आणि पाण्यावाचून ठेवायचे, हा कोणता धर्म?” मग हिशेब केला. परळात अर्धा लिटर पाणी मावते. दोन वेळा मिळून दिवसाला एक लिटर. एका माणसाच्या स्नानातून तांब्याभर पाणी कमी केले की झाले. त्या दिवसापासून घरात येणाऱ्या पहिल्या घागरीतला पहिला तांब्या पाखरांचा ठरला. त्या वैशाखात परळावर चिमण्या, साळुंक्या, होले, कावळे तर आलेच, पण एरवी माणसास बुजणारा भारद्वाजही भर दुपारी येऊन पाणी पिऊन गेला. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे, त्याचा अर्थ पोथीपेक्षा त्या परळापाशी मुलांस अधिक कळला असावा.

ज्या भगिनींस हा उपक्रम करावयाचा असेल, त्यांनी काही पथ्ये पाळावीत. परळ मातीचे व उथळ असावे. दोन बोटांहून अधिक पाणी नसावे व मध्ये एक खडा ठेवावा, म्हणजे लहान पाखरू बुडत नाही. ते सावलीत, पण झुडपापासून चार-पाच हात दूर ठेवावे, नाही तर मांजर दबा धरून बसते. पाणी रोज बदलावे व परळ घासून उन्हात वाळवावे. ही स्वच्छता सोवळ्याची नव्हे, आरोग्याची आहे. इंग्लंडात दाणापाण्याच्या जागी पसरलेल्या एका घशाच्या रोगाने २००५ नंतर ग्रीनफिंच नावाच्या पाखराची संख्या फार घटली. दयेने मांडलेली पंगत अस्वच्छ असेल तर ती घातक होते. दाणे म्हणून ज्वारी, बाजरी, राळे, तांदळाच्या कण्या चांगल्या. खारे शेंगदाणे, शेव-चिवडा, बुरसलेली भाकरी व दूध देऊ नये. दाणे तासाभरात संपतील इतकेच टाकावेत. रास पडून राहिली की उंदीर येतात, व कबुतरे येऊन बाकीच्यांस हुसकून लावतात.

आणखी एक सूचना मुलांसाठी. घरात एक वही करावी व तीत तिथी, वेळ, कोणते पाखरू आले, काय करीत होते, हे रोज दोन ओळींत लिहावे. भोरड्यांचा पहिला थवा कोणत्या दिवशी दिसला, चातक कधी बोलला, सुगरणीने किती खोपे अर्धे टाकले, हे लिहून ठेवले तर पाच-दहा वर्षांनी ती वही गावाच्या पाऊसपाण्याचा इतिहास सांगू लागेल. एकत्र कुटुंबात हे काम सोपे आहे. आजोबांस वेळ असतो, मुलांस डोळे असतात, आणि स्वयंपाकघराची खिडकी बहुधा परसाकडेच उघडते. आमच्या घरच्या वहीत सर्वांत अधिक नोंदी त्या खिडकीतूनच झालेल्या आहेत, व त्या लिहिणाऱ्या सुनांना आता आवाजावरून बारा-पंधरा पाखरे ओळखू येतात.

पुढच्या नवरात्रात ज्या वाचकांस तुळजापूरला येण्याचा योग येईल, त्यांनी दर्शन झाल्यावर घाईने परत न जाता एक दिवस या बाजूच्या एखाद्या आप्ताकडे काढावा. सकाळी चहाचा पेला घेऊन परसदारच्या पायरीवर बसावे. भोरड्या तोपर्यंत आलेल्या असतात, आणि आप्ताने परळ भरून ठेवले असेल, तर त्यांतील चार-दोन खाली उतरतीलही.