अध्याहृत

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा कॅनडात आहे, हे इथल्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. गेल्या थंडीत त्याची आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, वाईच्या घरी वारल्या. ९१ वर्षांच्या होत्या. भाचा आला नाही. तेराव्याला जमलेल्या मंडळींत कुजबुज झाली. "तिकडची नोकरी सुटत नसेल", "डॉलर दिसले की माया आटते" वगैरे वगैरे. काहींनी माझ्यासमोरच म्हटलं, काहींनी बहिणीला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात!

बहीण काहीच बोलली नाही. बोलणार तरी काय? तिलाच ते प्रकरण धड कळलेलं नव्हतं. मग मी दोन-तीन रविवार भाच्याला फोनवर धरलं आणि मास्तरकीच्या सवयीनं सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. जे समजलं ते लिहिते आहे. नात्यातली बरीच माणसं हे वाचतात, म्हणून जरा सविस्तर.

आपण सगळे सरसकट "व्हिसा, व्हिसा" म्हणतो ना, तिथेच पहिला घोटाळा आहे. व्हिसा म्हणजे पासपोर्टात चिकटवलेला कागद. तो फक्त त्या देशाच्या दारापर्यंत जाऊन आत येऊ द्या म्हणण्यासाठी. आत राहून काम करायचं तर वर्क परमिट लागतं, आणि तो वेगळा कागद असतो. दोन्हींना मुदत असते. व्हिसाची मुदत बहुतेक वेळा परमिटाच्या मुदतीबरोबरच संपते.

भाच्यानं ओंटारिओत दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. त्यावर त्याला तीन वर्षांचं परमिट मिळालं. शिक्षण संपवलेल्यांना मिळणारं हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं, त्याचं नूतनीकरण होत नाही. २०२३ साली तिथल्या सरकारनं खास बाब म्हणून त्या वेळच्या परमिटधारकांना अठरा महिने वाढवून दिले होते, पण त्यात हा बसत नव्हता. तीन वर्षांत त्यानं कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केला. अर्ज दाखल झाल्याची पोचही आली. पण निर्णयाला लागणार महिने आणि परमिट संपणार त्याआधी. या मधल्या फटीसाठी तिथे एक वेगळं परमिट असतं, नावच 'ब्रिजिंग'. म्हणजे अलीकडून पलीकडे नेणारा पूल. त्याचाही अर्ज त्यानं जुनं परमिट संपायच्या तेवीस दिवस आधी केला आणि पैसे भरले.

मग जुन्या परमिटाची तारीख उलटली. नवं आलेलं नाही. आता हा मुलगा तिथे कोण? पाहुणा? बेकायदा?

इथे त्यांचा २००२ सालच्या नियमांतला एक नियम कामाला येतो. मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर. नव्या वर्क परमिटासाठी अर्ज असेल, तर जुन्याच अटींवर कामही चालू ठेवता येतं. जुनं परमिट एकाच मालकाकडचं असेल तर त्याच मालकाकडे. भाच्याचं खुलं होतं, म्हणून त्याला तशी अडचण नव्हती.

या अवस्थेला काही वर्षांपूर्वीपर्यंत ते 'इम्प्लाइड स्टेटस' म्हणत. भाच्यानं हा शब्द सांगितला आणि मला एकदम आठवी 'ब'चा वर्ग आठवला. "दमलो बुवा" या वाक्यात कर्ता कुठला? पोरं शोधत बसायची. मी सांगायचे, 'मी' हा कर्ता अध्याहृत आहे. लिहिलेला नाही, पण आहे. त्याच्याशिवाय क्रियापदाला अर्थच नाही. भाचा तसाच. त्याच्या हक्काचा शब्द कुठल्याही चालू परमिटावर छापलेला नाही, पण कायद्यात तो आहे. आता त्यांनी नाव बदलून 'मेंटेन्ड स्टेटस' केलं आहे. राखलेला दर्जा. ठीक आहे, पण मला आपला जुनाच शब्द बरा वाटतो.

आमच्या शिक्षकीत हे नवीन नव्हतं. तात्पुरत्या नेमणुकीवरच्या कितीतरी बाई मी पाहिल्या, ज्यांची मान्यता "प्रस्ताव पाठवला आहे" या एका वाक्यावर लोंबकळत असे. शिकवणं चालू, हजेरीपटावर सही चालू, आणि पर्समध्ये जपून ठेवलेली पोच. फरक इतकाच की त्या बाई रजा टाकून गावी जाऊन येऊ शकत.

भाच्याला ते शक्य नव्हतं, आणि कुजबुज करणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे.

हा अध्याहृत हक्क फक्त देशात असेपर्यंत आहे. त्यानं विमान पकडलं असतं तर त्याला कुणी अडवलं नसतं. वाईला येऊन आजीचं दर्शन घेतलं असतं. पण व्हिसाही संपलेला, म्हणजे परतीसाठी आधी इथून नवा व्हिसा काढायचा. तो कधी मिळेल, मिळेल की नाही, याचा भरवसा नाही. मिळून परत गेला तरी नव्या परमिटाचा निर्णय होईपर्यंत काम करायची परवानगी नाही. पूर्वी बरेच जण अमेरिकेच्या सीमेवर जाऊन तसेच मागे फिरत आणि तिथल्या नाक्यावर हातोहात परमिट घेत. ती वाटही कॅनडानं डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली.

आणि नोकरी म्हणजे नुसते डॉलर नव्हेत. त्याच्या शिक्षणाचं कर्ज वाईच्या घरावर काढलेलं आहे. घर आजीच्या नावावर होतं. बँकेत सही करायला त्या स्वतः रिक्षानं गेल्या होत्या. दर महिन्याचा हप्ता त्याच्या पगारातून जातो. चार-सहा महिने पगार थांबला असता तर कुणाच्या डोक्यावरचं छप्पर धोक्यात आलं असतं, याचा हिशेब तेराव्याला जेवायला बसलेल्यांनी करावा.

मला तो म्हणाला, "मावशी, मी दोनदा तिकिटाचे सगळे तपशील भरले. पैसे भरायच्या पानावर येऊन थांबलो." पुढे काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

राहिलेल्या दिवसांतही सुख नव्हतं. कंपनीच्या माणसांनी नवं परमिट मागितलं. तिथलं इमिग्रेशन खातं अर्जदाराला एक पत्र देतं, निर्णय होईपर्यंत हा काम करू शकतो असं सांगणारं. ते त्यानं दाखवलं. पण त्या पत्रावरही एक तारीख असते! ती उलटली तरी अर्ज प्रलंबित असेपर्यंत काम करता येतं, हे पुन्हा पटवून द्यावं लागलं. कायद्यानं दिलेलं असतं, पण समोरच्या टेबलावरच्या माणसाला ते दरवेळी नव्यानं समजावून सांगायचं.

आणि हे सगळं उभं आहे एका तारखेवर. अर्ज मुदतीच्या एक दिवस आधी गेला तर तुम्ही कायदेशीर. एक दिवस उशिरा गेला तर हक्क संपला. मग ९० दिवसांच्या आत दर्जा परत मिळवण्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि तो मंजूर होईपर्यंत काम बंद. वेळेत केलेला अर्जसुद्धा नामंजूर झाला तर त्याच दिवशी हात थांबवायचे.

अमेरिकेतल्या आपल्या मुलांनी मात्र हे नियम स्वतःला लावू नयेत. तिथे एच-वन-बीवाल्यानं त्याच मालकाकडे मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला, तर जुनी मुदत संपल्यापासून २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. आणि नोकरीच गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत, तीही मधेच मुदत संपली नाही तर. प्रत्येक देशाचं गणित वेगळं.

आपण इथून काय करू शकतो? फारसं काही नाही. पण "कधी येणार?" हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवता येईल. त्याऐवजी विचारावं, मुदत कधी संपते? अर्ज आधी गेला ना? पोच जपून ठेवलीस ना? पासपोर्ट कधीपर्यंत आहे? हा शेवटचा प्रश्न मला भाच्यानंच शिकवला. पासपोर्टाच्या मुदतीपलीकडचं परमिट देत नाहीत, म्हणून पासपोर्ट आधी नवा करून घ्यावा लागतो.

हे सगळं मी बहिणीला एका दुपारी कागदावर आकृती काढून समजावलं. ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे तो अडकला होता. विसरला नव्हता." एवढंच तिला हवं होतं बहुतेक.

भाच्याचं पुलाचं परमिट या महिन्यात आलं. कायमच्या वास्तव्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. आता नव्या व्हिसासाठी अर्ज करून वर्षश्राद्धाला यायचं त्याच्या मनात आहे. बघू. बहिणीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं, त्यावर ती गॅस, दूध आणि लाइटबिल लिहिते. परवा गेले तेव्हा पाहिलं, त्यात लाल शाईनं एक नवी नोंद होती. "बाळाचा पासपोर्ट".